हरणीपुढचा भात

माझ्या माहितीतला कुणीही माणूस दुसऱ्याच्या ढेकराचं कौतुक करत नाही. उके काका करतात. एकदा माझ्या मामाने आमच्या ओट्यावर जेवण झाल्यावर असा दणदणीत ढेकर दिला की मला कुठे तोंड लपवू असं झालं. भिंतीपलीकडून काका म्हणाले, "वा. हवा मोकळी आहे." मामा खूश झाला. हे प्रमाणपत्र काका सहसा गाईंनाच देतात, हे मी त्याला सांगितलं नाही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, आमच्या वॉर्डात उके काकांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून आहे. काका जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. बरीच वर्षं परसवाड्याकडच्या खेड्यांत काढली, मग शहरात बदली झाली आणि इथूनच निवृत्त झाले. खेड्यातले लोक त्यांना डाक्टर म्हणायचे. काका दर वेळी सांगायचे की मी डाक्टर नाही, डाक्टरच्या मागचा माणूस आहे. लोक हौ म्हणायचे आणि पुन्हा डाक्टर म्हणायचे. डाक्टर दौऱ्यावर असायचे आणि गाय दारात पडलेली असायची, त्यामुळे या वादाला काही अर्थ नव्हता.

दिसायला काका म्हणजे बारीक चणीचा, कमी उंचीचा माणूस. शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, खांद्यावर पंचा, आणि अंगाला फिनाइलचा वास. काकू त्यांना आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नसत. गाय बघायला गेले की ते आधी तिच्या समोर उभे राहायचे, मग डाव्या कुशीला कान लावून डोळे मिटायचे. मालक काहीबाही बोलायला लागला तर हाताने गप्प करायचे. आत गुडगुडल्याचा आवाज आला की चेहरा खुलायचा. नाही आला तर तिथेच कान लावून बराच वेळ थांबायचे, जणू कुणाच्या घरी गेलोय आणि कडी वाजवूनही आतून कुणी उत्तर देत नाहीये.

मी किरनापुरला सरकारी शाळेत विज्ञान शिकवते. पचनसंस्थेचा धडा मी कैक वर्षं शिकवला होता, तोही हिंदीतून, फळ्यावर गाईच्या जठराचे चार कप्पे काढून आणि त्यांची अवघड नावं पोरांकडून पाठ करून घेऊन. पण त्या चार कप्प्यांत नेमकं चालतं काय, हे मला काकांनी सांगितलं, तेही संध्याकाळी ओट्यावर बसून शेंगा फोडता फोडता. काका म्हणाले, गाय चारा पचवत नाही. तिच्या पहिल्या खोलीत कोट्यवधी जंतू राहतात, ते चारा पचवतात. गाय त्यांना पोसते आणि ते तिला पोसतात. ती घाईघाईनं गिळून घेते, मग निवांत बसून तेच पुन्हा तोंडात आणून चावते, बादलीबादलीनं लाळ गाळते, म्हणजे आतलं आंबट होत नाही. चौथी खोली आहे तीच काय ती आपल्या पोटासारखी, तिखट पाण्याची, म्हणजे आम्लाची. आपल्याकडे ती पहिलीच लागते, आणि जंतूंची वस्ती अगदी शेवटी, मोठ्या आतड्यात.

"तिचा कारखाना दारात, आपला परसात," काका म्हणाले. "म्हनून आपल्याले गवत नाई पचत आन् तिले भात."

गाईला भात पचत नाही, हे मला तोवर खरोखर माहीत नव्हतं. बालाघाट म्हणजे धानाचा जिल्हा. इथे माणूस भातावर वाढतो, आजारी पडला तर भाताची पेज पितो, आणि प्रेम करायचं म्हटलं की समोरच्याच्या ताटात आणखी एक वाढण भात घालतो. गाईवरचं प्रेमही याच वाटेनं जातं. लग्नात, बारशात, तेरवीत भात उरला की तो टोपल्यानं गाईपुढे जातो. ती आवडीनं खाते. आतल्या जंतूंपैकी भातावर तुटून पडणारे भराभर वाढतात, सगळं आंबून जातं, गवत खाणारे मरतात, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. गाय झिंगल्यासारखी चालते आणि बसते ती उठत नाही. काकांच्या हिशेबाने रोगांनी जेवढ्या गाई गेल्या नसतील तेवढ्या मायेनं गेल्या.

पण खरी अडचण पुढेच होती. गाय का पडली हे कळल्याशिवाय इलाज कसा करणार, आणि घरचे लोक सांगायचे नाहीत. काय खाऊ घातलं, असं विचारलं की उत्तर एकच, तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि पाणी. गोमातेला आपणच मारायला निघालो हे कोण कबूल करेल? शिवाय भात बहुतेक घरातल्या बाईनं ठेवलेला असायचा, आणि तिला सगळ्यांसमोर बोलायची सोय नसायची. भात खाल्लाय हे काकांना शेणाच्या आंबूस वासावरून कळायचं. पण किती खाल्लं आणि कधी, ते वासावरून कळत नाही आणि औषध त्यावर ठरतं.

तेव्हा काका विचारायचेच नाहीत. हात धुवायचे, ओट्यावर बसायचे आणि आपली गोष्ट सांगायचे. मी ती पहिल्यांदा ऐकली ती किरनापुरच्या रस्त्यावरच्या एका गावात. शाळेतून परतताना बस बंद पडली होती. काका फटफटीवरून त्याच बाजूला निघाले होते, मला मागे बसवलं आणि वाटेत म्हणाले, एक गाय बघून जाऊ. ते घर मोठ्या शेतकऱ्याचं होतं. चहा आला तेव्हा मला चिनीमातीच्या कपात आला आणि काकांना वेगळ्या ठेवलेल्या जुन्या स्टीलच्या पेल्यात. माझं डोकं सणकलं. काकांनी माझ्याकडे बघून मान नुसती हलवली, पेला खाली ठेवला आणि गाईकडे गेले. मालकानं तणीस आणि पाणी सांगितलं.

काका परत येऊन बसले. म्हणाले, "माह्या बहिनीचं लगन होतं. लय भात उरला. मीच टोपलंभर हरणीपुढं ठेवला, खा म्हटलं माय, तुह्याबी घरचं लगन आहे. तिसऱ्या दिशी हरणी गेली. तवा मी जनावराच्या दवाखान्यात नोकरीवर होतो, दोन सालं झालते. गाव हासलं माह्यावर."

एवढंच. ते पंच्यानं तोंड पुसत बसून राहिले. मग आतून मालकाची म्हातारी आई बाहेर आली आणि म्हणाली की काल तेरवी होती, दोन टोपली भात तिनंच ठेवला, सकाळी एक आणि दुपारी एक. काका लगेच उठले. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून नळीनं पाजला, सलाइन लावलं. मग शेजारच्या गोठ्यातल्या निरोगी गाईच्या तोंडातून रवंथाचा घास काढून आणला आणि या गाईच्या घशात घातला. नवे जंतू, ते मला समजावून सांगत होते, हिची वस्ती उजाड झाली, तिकडून चार घरं इकडे आणून वसवली. निघताना म्हातारीनं काकांना पुन्हा चहा आणला, या वेळी कपात. ते प्यायले. रस्त्याला लागल्यावर मी तो विषय काढला तर म्हणाले की गाय वाचेल बहुतेक.

पुढे ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की पाठ झाली. भरवेलीच्या खाणकामगारांच्या वस्तीत, आमच्या वॉर्डातल्या गवळ्याकडे, सगळीकडे तीच बहीण, तेच टोपलं, तीच हरणी. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी त्यांना चिडवायचे की काका, तुमच्या हरणीनं इतक्या गाई वाचवल्या, तिचा पुतळा बसवू या चौकात. त्यावर ते हसायचे नाहीत. माझ्या इतर सगळ्या थट्टेवर हसायचे.

माझ्या आईच्या आतड्याला पीळ पडला तेव्हा या गोष्टीचा मला खरा उपयोग झाला, आणि तो आठवला की आजही मान खाली जाते.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी सांगितलं की आतडी अजून झोपलेली आहेत, वारा सरेपर्यंत तोंडातून काहीही द्यायचं नाही. काका रोज सकाळी दवाखान्यात यायचे, पलंगापासून दोन हात लांब उभे राहायचे आणि आईला विचारायचे, "वहिनी, पोट बोललं का?" आई लाजायची. काका कधी तिच्या पोटाला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, हे डॉक्टरसाहेबांचं काम, माझं शिक्षण चार खोल्यांचं आहे, एका खोलीचं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई रडायला लागली. माझी आई रडणारी बाई नव्हती. वडील गेले तेव्हाही ती लोकांसमोर रडली नाही. आता लहान मुलीसारखी म्हणत होती की दोन घास दे, नुसता वरणभात, जीव जातो माझा. माझ्या डब्यात वरणभात होता. मी इकडेतिकडे पाहिलं, मऊ कालवला, आणि तिला भरवला. चार घास म्हणता म्हणता अर्धा डबा गेला. ती खाताना मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. वर्गात पचनसंस्था शिकवणारी मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं. उलट्या सुरू झाल्या, ताप चढला. डॉक्टरांनी विचारलं, "कुछ खिलाया तो नहीं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नहीं सर, पानी की बूंद भी नहीं." इतकं सहज निघालं की मलाच खरं वाटलं. डॉक्टर गंभीर झाले. आतला टाका सुटला असावा, पुन्हा पोट उघडावं लागेल, म्हणाले. आईच्या अंगात दुसऱ्या ऑपरेशनची ताकद नव्हती, हे त्यांनाही दिसत होतं आणि मलाही. तरी मी गप्प बसले. आता सांगितलं तर आईला मीच मारलं असं होईल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

त्या वेळी काका आले. त्यांनी आईकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, माझ्या पिशवीतल्या डब्याकडे पाहिलं. मला म्हणाले, जरा बाहेर ये. व्हरांड्यात पाण्याच्या टाकीजवळ बाक होता, तिथे बसले. मलाही बसायला सांगितलं.

"माह्या बहिनीचं लगन होतं," ते म्हणाले.

पुढचं मला सगळं पाठ होतं. तरी त्यांनी पूर्ण सांगितलं, एक शब्दही न गाळता. लय भात उरला. मीच टोपलंभर हरणीपुढं ठेवला. ते हरणीपर्यंत पोचले आणि मी तोंडात पदर कोंबून रडायला लागले. किती, त्यांनी विचारलं. अर्धा डबा, मी म्हटलं. कधी? काल दुपारी. ते मला रागावले नाहीत आणि समजूतही घातली नाही. उठले आणि म्हणाले, "चाल, डाक्टरले सांगू. मी आहो ना संगं."

डॉक्टर ऑपरेशनच्या तयारीतच होते. मी दाराशीच थांबले. काका हात जोडून पुढे झाले. म्हणाले, "साहब, हम लोगों से गलती हुई. कल दोपहर आधा डिब्बा दाल-भात खिला दिया." हम लोगों से. डॉक्टर तडकले, आणि तडकायलाच हवं होतं. सगळं बोलणं काकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं, आईच्या नाकातून नळी घातली. नळीतून आंबलेलं पाणी आलं, बरंच आलं, आणि त्यात माझ्या भाताची शितं होती. संध्याकाळपर्यंत पोट सैल झालं, ताप उतरला. आणखी दोन दिवसांनी सकाळी काकांनी दारातूनच विचारलं तेव्हा आईने तोंडावर पदर घेऊन मान हलवली. पोट बोललं होतं. काका इतके खूश झाले की शेजारच्या पलंगांवरच्या सगळ्यांना त्यांनी ही बातमी सांगितली. आई पुढे आयुष्यभर त्यांच्यावर त्याबद्दल चिडून होती.

ते आयुष्य आणखी सहा वर्षांचं निघालं. त्या सहा वर्षांत तिने माझी दोन लोणची बिघडवली, माझ्या मुख्याध्यापिकेला तोंडावर आळशी म्हटलं, माझ्यासाठी एक स्वेटर अर्धा विणला, आणि शेवटी आपल्या अंथरुणात, माझा हात धरून, शांतपणे गेली. ही सहा वर्षं मला उके काकांनी दिली. मी त्यांना कधी तसं म्हटलं नाही. म्हणायला गेले असते तर ते उठून फाटकाला कडी लावायला गेले असते.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. काकांना आता ऐकू कमी येतं, कुशीला कान लावून उपयोग नाही म्हणून मूठ दाबून बघतात. ते बाहेर पायरीवर उन्हात बसले होते. आत काकू चवळीच्या शेंगा निवडत होत्या, मी मदतीला बसले. बोलता बोलता आईचा विषय निघाला. काकू म्हणाल्या, कोणी तरी पाहुण्यानं तेव्हा त्यांना भात खाऊ घातला होता ना? हे असंच सांगत होते.

मला कळलं की काकांनी घरीसुद्धा माझं नाव घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "काकू, पाहुणा नव्हता. मी भरवला. आणि डॉक्टरांना खोटं बोलले." हे मी काकांशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं. मग म्हटलं की काकांनी हरणीची गोष्ट सांगितली नसती तर मी खरं बोललेच नसते.

काकूंचा हात थांबला.

"यायनं नाई देल्ला तो भात," त्या म्हणाल्या. "मीनं देल्ला."

लग्न होऊन त्यांना चार महिने झाले होते. नणंदेला पोचवायला काका पाहुण्यांबरोबर गेले होते, गावात नव्हतेच. उरलेला भात वाया जाऊ नये, आणि हरणी काकूंना सासरी पहिल्यांदा जीव लावणारी, म्हणून टोपलंभर तिच्यापुढे ठेवला. काका परतले तेव्हा हरणी पडलेली होती, सासू छाती पिटत विचारत होती की कोणी खाऊ घातलं, आणि काकू दाराआड उभ्या होत्या. काकांनी तिकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, मीच जाता जाता ठेवला होता. सासू त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही. जनावराच्या दवाखान्यातला माणूस, आपलीच गाय मारली, म्हणून गाव हसलं. काकू म्हणाल्या, की त्यानंतर या विषयावर काका त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. एकांतातही नाही. सासू गेली, नणंद गेली, तरी लोकांच्या ओट्यावर बसून सांगायचे ते मीच ठेवला म्हणून. आणि त्याही कधी बोलल्या नाहीत, कारण कुठून सुरुवात करावी ते कळलं नाही.

तेवढ्यात फाटकाशी फटफटी थांबली. भरवेलीकडचा एक माणूस, खाणीत कामाला असणारा, तिशीतला. त्याची गाय कालपासून रवंथ करत नव्हती. काय खाल्लं, ते त्याने न विचारताच सांगितलं, तणीस आणि पाणी. काकांनी त्याला पायरीवर बसायला लावलं. ऐकू येत नाही म्हणून काका आता मोठ्यानं बोलतात. आम्हाला आत सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"माह्या बहिनीचं लगन होतं. लय भात उरला. मीच टोपलंभर हरणीपुढं..."

काकू उठल्या. मांडीवरच्या शेंगा खाली पडल्या त्या त्यांनी उचलल्या नाहीत. दारात जाऊन उभ्या राहिल्या. मीही मागोमाग गेले. काकू वाकल्या आणि काकांच्या कानाजवळ, पण त्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "यायनं नाई ठेवला, भाऊ. मीनं ठेवला. नवी होतो मी, मले मालूम नव्हतं."

काकांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी पंचा उचलून तोंड पुसलं, दोनदा पुसलं. मग ते पायरीवर जरासे सरकले आणि काकू त्यांच्या शेजारी बसल्या.

तो माणूस एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. मग खाली मान घालून म्हणाला, "काल आमच्या इथं बारसं होतं, काका. बायकोनं नाई, मीनंच देल्ला."